गुरुवारचं तेल

तेल तापलं तशी अनारकान उठायला गेली आणि गुडघ्यांनी साफ नकार दिला. मग तिनं बसल्याबसल्याच कणकेचे तुकडे कढईत सोडले. दर गुरुवारी संध्याकाळी तेल तापवायचं, बोरसोक तळायचे. त्याचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो. तिची आजी हे करायची, आई करायची. मुकाशला जाऊन तीन महिने झाले होते आणि नवऱ्याचा एकही गुरुवार तिनं चुकवला नव्हता.

"आपा, आता पुरे करा की," सून चिनारा म्हणाली. "वर्षाचं जेवण घालू तेव्हा तळूच ढीगभर. चेहरा बघा कसा झालाय तुमचा. बाबांनासुद्धा हे आवडलं नसतं."

"त्यांना काय आवडायचं ते तू मला शिकवू नकोस."

पण बोलण्यात जोर नव्हता. फार थकली होती बाई. आणि खरं सांगायचं तर वास पोचतो की नाही, हीच शंका तिला आतून खात होती.

तिला कारण होतं. गावाच्या वर, ओढ्याच्या पाण्यावर चालणारं एवढंसं वीजघर आहे. मुकाश तिथला इंजिनियर. सगळ्या गावाचे दिवे त्याच्या जिवावर. उभा जन्म त्यानं तिथं काढला, पण पूर्वी तळणाच्या दिवशी तो कधी उशिरा आला नाही. तेव्हा गुरुवार सासू-सासऱ्यांच्या नावाचा असायचा. पहिला घाणा निघतो न निघतो तोच स्वारी दारात. "वास आला गं वरपर्यंत," म्हणायचा. एवढं ऐकायला मिळावं म्हणून ती दोन घाणे जास्त काढायची.

मग थोरल्या मुलानं शहरातून गॅस आणला, जुनी शेगडी गोठ्यात गेली, आणि ते बोलणंही बंद झालं. निवृत्त होईपर्यंत पुढची सगळी वर्षं मुकाश अंधार पडल्यावर यायचा. ताटावरचं फडकं उचलून "अरे वा, आज बोरसोक का?" म्हणायचा आणि गार झालेले खायचा. अनारकानला ते फार लागलं होतं. आपल्या हाताला पूर्वीचा गुण राहिला नाही, नाहीतर ह्यांचा जीव आपल्यातून उडाला, दोन्हीतलं एक. तिनं कधी विचारलं नाही. आणि जो वास वरच्या वीजघरापर्यंत पोचला नाही, तो कबरीत कसा पोचणार?

बाहेर कुत्रं भुंकलं. ओस्मोन आला होता. मुकाशच्या हाताखाली वीजघरात जन्मभर राबलेला, आता स्वतःच म्हातारा. मातीला त्याला येता आलं नव्हतं. लेकीकडे शहरात पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता. काठी कोपऱ्यात ठेवून त्यानं दुवा म्हटली, तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि टेकला.

"सगळे म्हणतात, मोठा इंजिनियर होता," तो म्हणाला. "मी सांगतो, घरकोंबडा होता. मोठ्या धरणावर बोलावलं होतं त्याला. तर म्हणाला, तिथून संध्याकाळी जेवायला घरी कसा येऊ? चार पोरं झाली, चौघांचे पाळणे स्वतः केले. मी आपला खिळे धरायला."

अनारकानला हसू आलं, रडूही आलं. तिनं ताट पुढं सरकवलं. "खा. त्यांच्या नावचं आहे. वास पोचला म्हणजे झालं. नाक तसं तिखट होतं त्यांचं."

ओस्मोनचा हात ताटावरच थांबला.

"नाक? मुकाशचं?"

"मग कुणाचं?"

"अहो वहिनी, त्या नाकाला कसला वास येतोय. कालव्याच्या तोंडाशी बर्फ फोडताना आपटला नव्हता का, डोक्याला टाके पडले होते? धाकटी पोटात होती तुमच्या. तेव्हाच वास गेला त्याचा. यंत्राचं तेल जळालं तरी मला विचारायचा, काही वास येतोय का रे." मग त्याचा आवाज खाली आला. "तुम्हाला बोलला नाही कधी?"

अनारकान कढईकडं बघत राहिली. रागवायलासुद्धा अंगात ताकद लागते.

"म्हणजे जन्मभर तोंडावर खोटं बोलले," ती म्हणाली. "आणि मी इथं गुडघे मोडून घेतेय." तिनं हात लांब करून गॅस बंद केला.

"खोटं कसं? कळायचंच की त्याला. चुलीवर तेल भडकतं म्हणून तळणापुरती त्यानं तुम्हाला ती विटेची शेगडी करून दिली होती ना, तार बसवून? गावात दुसऱ्या कुणाकडं होती विजेची शेगडी? सगळे शेण जाळणारे. तुम्ही ती लावली की आमच्याकडं वीजघरात विजेचा दाब दाखवणाऱ्या तबकडीवरचा काटा खाली यायचा. इतकुसा. पण हा दुपारपासून त्याच्याकडं डोळे लावून बसलेला. काटा हलला की कोट खांद्यावर. 'तळायला बसली रे,' म्हणायचा आणि सुटायचा."

"आणि गॅस आल्यावर?"

"नुसता बसून राहायचा बिचारा. 'घरचं आता काही कळत नाही,' म्हणायचा. मी म्हटलं, सांग की तिला. तर म्हणे, ती गॅसवर खूश आहे, राहू दे."

अनारकान म्हणाली, "चिनारा, गोठ्यातली ती शेगडी आण."

"आपा, तार कुजली असेल तिची."

"मी बघतो," ओस्मोन म्हणाला.

त्यानं तारेचा सडका तुकडा काढून टाकला, टोकं जोडली, राख झटकली. कढई वर ठेवली आणि बटण दाबलं. विटेतली तार हळूहळू लाल झाली. डोक्यावरचा दिवा किंचित मंद झाला आणि तसाच राहिला.

अनारकान दिव्याकडं बघत होती.

"चहा टाक गं," ती सुनेला म्हणाली. "निघाले असतील."