सरावाचा माणूस

बबितानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, पण इलियासनं तिला तो उघडू दिला नाही. आधी त्यानं तिला गॅरेजच्या भिंतीवरचा फोटो दाखवला.

"हे बघा भाभी. सत्त्याण्णव साल. हा गहिनीनाथ, विभागात पहिला. हा सोमनाथ, राज्यापर्यंत गेलता. ही ढाल माझी, जिल्ह्याची. परभणी-नांदेडची पोरं आधी विचारायची, अंबाजोगाईचे बॉक्सर कोण कोण यायलेत म्हणून. रविवारी नवा हॉल उघडायलेत. आमचा सगळ्यांचा सत्कार हाय. अंगदलाबी घेऊन या."

अंगद बाहेर रिक्षात बसून होता. आपल्या गावाहून, युसूफ वडगावहून, निघाल्यापासून त्यानं बायकोला चारदा विचारलं होतं, आपण कुठं चाललोय. त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि डाव्या हातानं तो त्याला दाबून धरत होता.

"फोटोत हे कुठं हायत?" बबितानं विचारलं.

"तो न्हाई ह्याच्यात. जिंकून आलेल्यांचा फोटो हाय हा."

बबितानं कागद उघडला. "मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं लिहून दिलंय. डोक्याला किती वर्षं मार लागला, बेशुद्ध किती वेळा पडले, सगळं विचारून आणा म्हणले. आमचं लग्न ह्यांनी खेळ सोडल्यावर झालं. मला काय म्हाईत? ह्यांना विचारलं तर नुसते हसतेत."

इलियासनं खाली पडलेला पाना उचलून हातात घेतला.

"कापसाच्या जिनिंगवरून, कामावरून काढलं ह्यांना," ती म्हणाली. "चालताना झोक जातो, जीभ जड पडती. मालक म्हणला, पिऊन येतो. दीरबी तेच म्हणतेत. आयुष्यात थेंब घेतला न्हाई ह्या माणसानं. अन् आता पोटची पोरगी जवळ जाऊन बापाच्या तोंडाचा वास घ्यायली."

इलियास स्टुलावर बसला. "त्याच्या मॅच लई न्हाई झाल्या, भाभी. दोन, फार तर तीन."

"मग मार कुठं लागला?"

"सरावात. अंग दणकट होतं त्याचं. लवकर पडायचा न्हाई. ज्याची मॅच असंल त्याच्यासमोर आमचे कोच, अमरसिंह सर, त्याला उभा करायचे. गहिनीनाथचं झालं की सोमनाथ. सोमनाथचं झालं की मी. रोज संध्याकाळी. पाच वर्षं."

"डोक्याला काही घालत नव्हते?"

"हेडगार्ड एकच होतं. ते मॅचवाल्याला. त्याला लागायला नको म्हणून."

बबितानं एकदा फोटोकडे पाहिलं, मग इलियासकडे. "बेशुद्ध किती वेळा?"

"मला म्हाईत हाय ते तीनदा. दोनदा गहिनीनाथनं पाडला." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "एकदा मी. फायनलला चार दिवस होते. तोंडावर पाणी मारलं, लिंबाचं पाणी पाजलं, घरी सोडला. रातभर उलट्या झाल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी मीच सायकल घेऊन त्याला आणायला गेलतो."

"कावून?"

"माझ्यासमोर दुसरं कोण उभं राहणार होतं?"

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. बबितानं कागद उलटा करून मोटारसायकलच्या सीटवर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"लिहा."

"सांगितलं की सगळं. तुमी सांगा डॉक्टरला."

"माझ्या बोलण्यावर कोण इस्वास ठेवतंय? तुमच्या हातचं पाहिजे मला. डॉक्टरला तर देणारच हाय. दिराला दाखवणार हाय. पोरीला दाखवणार हाय. खाली सही करा."

रविवारची शाल अमरसिंह सरांच्याच हातून मिळणार होती. सर आता ऐंशीचे झाले होते. अजूनही सणाला इलियासच्या घरी यायचे, त्याच्या पोरांना जवळ घ्यायचे. इलियासनं फडक्यानं हात पुसले. पुसून झाल्यावर परत पुसले. मग तो सीटवर वाकून लिहायला लागला.

वर्षं लिहिली. नावं लिहिली. सरांच्या नावापाशी पेन अडलं. बबिता नुसती उभी होती. त्यानं तेही नाव लिहिलं. स्वतःचं नाव त्यानं दोनदा लिहिलं, एकदा मारणाऱ्यांच्या ओळीत आणि एकदा खाली सहीला.

बबितानं कागद वाचला, घडी केली, पिशवीत ठेवला.

"इतक्या वर्षांत एकदा तरी घरी यायचं होतं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

इलियास तिच्यामागं रिक्षापर्यंत गेला. अंगदनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तो थरथरत्या हातानं सदऱ्याची बटणं काढायला लागला.

"इलियास! थांब बे, आलोच. आज कोणासमोर उभं राहायचंय?"

बबितानं त्याचा हात धरला. तरी तो बटण सोडेना. इलियासनं रिक्षाची दांडी घट्ट पकडली.

"आज सराव न्हाई, अंगद. सुट्टी हाय."

अंगदची बोटं थांबली. त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. मग बाहेर वाकून इलियासच्या कानाशी तोंड नेलं.

"बरं झालं," तो हळूच म्हणाला. "डोकं लई दुखायलंय. सरांना सांगू नको."