चिझुरुचं वाक्य

"चिझुरुला काढून टाका," निशिगाकी म्हणाले आणि हातातल्या भाताच्या गोळ्याचं प्लास्टिक सोलायला लागले.

अकिहाबाराच्या बाजारपेठेमागच्या गल्लीतल्या त्या छोट्या कंपनीत तेव्हा तिघंच होते. निशिगाकी मालक, तोमोए कुवाबारा गोष्ट लिहिणारी आणि इगाराशी चित्रं काढणारा. चिझुरु म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या नव्या खेळातली, बोलताना अडखळणारी मुलगी. हिवाळ्यात खेळ बाजारात जायचा होता, आणि मालकांना आज साक्षात्कार झाला होता.

त्यांचं म्हणणं असं, की ही तोतरी पोरगी एक वाक्य बोलायला पाच-सहा वेळा बटण दाबायला लावते. हल्लीच्या पोरांना कुठला एवढा दम? तिच्या जागी एखादी हसरी, पटपट बोलणारी घालावी. आपण स्वतःच्या लॅपटॉपवर तिचा सगळा भाग वाचलाय, शेवटी डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, पण धंदा म्हणजे धंदा.

तोमोएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, असल्या खेळात दुसरं असतं काय? ना पळापळ, ना मारामारी. एक चित्र, एक माणूस, खाली त्याची ओळ. तुम्ही बटण दाबलंत तर पुढची ओळ येते, नाहीतर तो माणूस तुमच्याकडे बघत थांबतो. दिवसभर ज्याचं कुणी धड ऐकून घेत नाही, तो घरी येतो, दार लावतो आणि तासन्‌तास दुसऱ्याचं ऐकत बसतो. आणि घाई कुणाला, तर यांना!

"लोक खेळायला येतात, थांबायला नाही," निशिगाकी म्हणाले.

"थांबायलाच येतात. ती गेली तर खेळावरून माझं नावही काढा."

लिहिणाऱ्यांच्या नाकावर राग असतोच, असं काहीसं बोलून मालक इगाराशीकडे बघत हसले. इगाराशी हसला नाही. चिझुरुचे ओठ त्यानं पुन्हा पुन्हा काढले होते, शब्द अडकल्यावर दिसतात तसे जमेपर्यंत.

तोमोएनं मालकांचाच लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. नक्की कुठे कंटाळा येतो ते दाखवा, म्हणाली. ती जागा दाखवलीत तर मी आत्ताच्या आत्ता तिला काढते.

मालकांनी बोटं पुसली, आपला खेळ उघडला आणि भरभर पुढे नेणारं बटण दाबलं. ओळी धावायला लागल्या. स्टेशन गेलं, शाळा गेली, शाळेमागचा जिना आला. आता या बटणाची एक खोड आहे, आणि असले खेळ खेळणाऱ्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक असते. ते फक्त त्या लॅपटॉपवर आधी वाचलेल्या ओळी पळवतं. न वाचलेली ओळ आली की जागच्या जागी थांबतं.

जिन्यावर चिझुरु वळली, आणि खेळ थांबला.

तिची ती पहिलीच ओळ होती. "म..."

मालकांनी तेच बटण पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं. चिझुरु हलली नाही. काहीतरी अडकलंय, ते पुटपुटले. इगाराशीनं मान खाली घातली.

म्हणे सगळा भाग वाचला! म्हणे डोळ्यांत पाणी आलं! या गृहस्थानं पोरीचं पहिलं अक्षरही ऐकलेलं नव्हतं, आणि निघाले होते तिला घालवायला. तोमोएला वाटलं, एवढं मोठ्यानं ओरडावं की खालच्या दुकानातही ऐकू जावं. तिनं खुर्ची ओढली आणि ती त्यांच्या शेजारी बसली.

मालकांनी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. तोमोएनं झाकण धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "तिचं बोलून व्हायचंय."