दोघांचा खेळ

पेनावरचा दिवा एका जागी लागेना, तेव्हा कानिफनाथला बिघाड सापडला.

पेन त्यानंच बनवलं होतं. रिकाम्या बॉलपेनात सुई बसवली होती, वर बारका दिवा. बोर्डावर सुई टेकवली की वीज कुठवर पोचतेय ते कळायचं. काष्टीच्या श्रीमंतच्या व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मशीनचा हा सर्किट बोर्ड चार दिवस मुका पडला होता. केसाएवढी तांब्याची रेघ तुटली होती. कानिफनाथनं तिथं डाख दिला आणि बोर्ड पेटीला जोडला.

पेटीही त्याचीच. पूर्वी बोर्ड नीट झाला का ते तिथल्या मशीनमध्ये बसवून बघायला केडगावहून थेट काष्टी गाठावी लागायची. म्हणून तीन महिने खपून त्यानं घरातच मशीन उभं केलं. फळ्यांचा खोका, जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, रेडिओचा स्पीकर आणि दारावरच्या बेलची बारा बटणं. सहा एका खेळाडूची, सहा दुसऱ्याची.

काच उजळली. तीवर खेळातली दोन माणसं उभी राहिली.

"आलं!" कानिफनाथ मोठ्यानं म्हणाला. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

दुपारी दारात टेम्पो थांबला. श्रीमंत उतरला.

"बरं झालं आलात. चालू झाला तुमचा बोर्ड."

श्रीमंत उंबऱ्यातच घुटमळला. "कानिफभाऊ, पार्लर बंद केलं. पोरं आता घरीच टीव्हीला गेम जोडत्यात. मशिनी भंगारात घालायला चाललोय. बोर्ड ऱ्हाऊ द्या तुमालाच."

कानिफनाथनं बाहेर पाहिलं. टेम्पोत चार मशिनी दोरीनं आवळलेल्या होत्या. बोर्ड पाठवणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"बसा की जरा," तो म्हणाला. "दुसऱ्याची बटणं तपासायची राहिलीत. एकट्याला न्हाई जमत."

"मला कुठं येतंय? आठ वर्सं पार्लर चालवलं, पर एकदाबी खेळलो न्हाई."

"मग आज खेळा."

श्रीमंत बसला. त्याचा माणूस आधी भिंतीलाच धडका देत राहिला. मग त्याला उडी सापडली. "आयला, उडतंय की!" तो ओरडला. दोघंही हसले. कानिफनाथला डोळे पुसावे लागले इतकं हसू आलं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दुसऱ्यांदा वाजला.

"येतो भाऊ. भंगारवाला थांबायचा न्हाई."

"चहा तरी..."

"पुन्यांदा कधी." श्रीमंत चपला घालून निघून गेला.

टेम्पो पुणे रोडला लागून त्याचा आवाज विरेपर्यंत कानिफनाथ बसून राहिला. मग त्यानं आपला माणूस चालवायला घेतला. तो काचेच्या कडेपर्यंत गेला आणि अडला. दोघंही आल्याशिवाय या खेळात चित्र पुढं सरकत नाही. श्रीमंतचा माणूस मागं उभाच होता.

कानिफनाथनं डावा हात दुसऱ्या बटणांवर ठेवला आणि त्याला हळूहळू जवळ आणलं.