शेवटचा मासा

बशीत कप किणकिणला, तशी रुतिका दचकली. दुपारची सामसूम होती. तिच्या सासऱ्यांनी, तुळशीरामबाबांनी, कापणारा उजवा हात डाव्याखाली दाबून धरला. पार्किन्सन झाल्यापासून तो हात त्यांचं ऐकायचाच नाही.

"चष्मा लावू, बाबा?"

"लाव."

फिजिओ मोनालीने दिलेला तो व्यायामाच्या खेळाचा जाडजूड चष्मा लावला की समोर खाडी यायची, पाण्यातून मासे उसळायचे. कानातल्या ठेक्यावर पाऊल टाकत ते धरायचे. घरच्या माणसाचा आवाज असला की अडलेला पाय सुटतो, म्हणून थंडीत घरातल्या सगळ्यांनी हसत-खिदळत आवाज भरले होते. कुणाचा आवाज कुठल्या लेव्हलला लागला, रुतिकाने कधी विचारलं नाही.

शिमग्याला सासूबाई गेल्या आणि बाबा पहिल्याच लेव्हलला अडकले. खचलाय माणूस, तिचा नवरा निकेश म्हणायचा. पुढे गेलं की मागची लेव्हल कायमची बंद व्हायची, पण पुढे जायचं कसं? आज जमलं नाही तर उद्या चष्मा दुसऱ्या पेशंटकडे जाणार होता. बाबांनी एकट्याने दिवाळे गावच्या जेट्टीवर जावं, एवढंच रुतिकाला हवं होतं.

ती टॅबवर बघत होती. बाबांनी एकामागून एक मासे धरले. शेवटचा तळहातावर आला, पण मूठ मिटलीच नाही.

"बाबा, हातातला होता."

"निसटला."

"जन्मभर जाळी टाकलीत, आणि हा निसटतो?"

"हा लय खोडकर हाय गो."

पुन्हा पहिल्यापासून. बाबांचे ओठ हलत होते.

"कुणाशी बोलताय?"

"मावऱ्याशी."

माशांशीच बोलायचं राहिलं होतं, म्हणत ती हसली. शेवटचा मासा पुन्हा गेला. तिने चष्मा काढला. आतून ओला होता. घामाने असेल. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले.

तेवढ्यात हर्षाली शाळेतून आली. रुतिकाने क्षणभर विचार केला आणि चष्मा लेकीच्या डोळ्यांवर चढवला.

"पटकन धर सगळे. मोनाली मॅडमना सांगायचं नाही हां."

हर्षालीने उड्या मारत मासे धरले. टॅब टिंग वाजला.

"पुढची लेव्हल उघडली, बाबा. आता चष्मा कुठे जात नाही."

बाबा धडपडत उठले. पाय जागच्या जागी अडले.

"काय केलंस गो, पोरी?"

हर्षाली चष्म्यातूनच इकडेतिकडे बघत होती.

"आई, आत्ता आजी कानात म्हणत होती ना, 'चला वो, पाय उचला.' आता कुठे गेली ती?"