पाटीवरच्या दोघी

"तोंड बघू नका रे," दत्तोबा मास्तर मुलांना म्हणाले. "तोंड खोटं बोलतं. खांदे बघा, हात बघा."

लोणावळ्याच्या त्या शाळेत ते तीस वर्षं चित्रकला शिकवत होते. आज टेबलावरची पाटी मात्र विद्यार्थ्याची नव्हती. काल शाळेच्या ओसरीत एक मुकी-बहिरी पोर सापडली होती. शालू नाव. सोळा-सतरा वर्षांची, गळ्यात मंगळसूत्र. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

दारात तिचा बाप उभा होता, इंदुरीचा रखमाजी.

"सासरच्या जाचानं पळाली, मास्तर. जावई लढाईवर, अन् सासू म्हंजी नुस्ती वाघीण. पोर माज्या हवाली करा. गाडी चुकंल माजी."

"आंदर मावळात सासूलाही निरोप गेलाय. पण थांबा, पोरीलाच विचारू."

मास्तरांनी डोंगराकडे, तिच्या सासरच्या दिशेने बोट केलं, हवेत घर काढून दाखवलं. शालूने पाटीवर एक बाई काढली. मग त्यांनी बापाकडे बोट केलं. बराच वेळ थांबून तिने दुसरी काढली.

पहिली उकिडवी बसलेली. पदर कपाळापर्यंत, मान खाली, मुठी गुडघ्यांवर आवळलेल्या.

"दबलीय," बजरंग म्हणाला. "सासूला भ्याली."

"शाब्बास. आणि ही?"

दुसरीच्या डोक्यावर पदर नव्हता. केस मोकळे, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. पायांखाली जमिनीची रेघसुद्धा नव्हती.

"उडतीय जनू!" मुलं खिदळली.

"डोक्यावर पदर नाही, म्हणजे बाई कुठं असते?"

"मायेरी!" सगळी एका सुरात ओरडली.

"पन गुरुजी, ती हसत न्हाई," जाहिदा म्हणाली.

"तोंड बघू नकोस म्हटलं ना, बाळ?" मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रखमाजीने मनगट धरलं तेव्हा शालू दाराची चौकट सोडेना.

"सासरीच नेताहेत असं वाटतंय तिला," मास्तर म्हणाले. त्यांनी तिची बोटं एकेक करून हळुवार सोडवली. "जा पोरी. आता कुणाला भ्यायचं नाही."

चौथ्या दिवशी दुपारी सासू आली. धोंडाबाई. आंदर मावळातून चालत आल्याने पाय धुळीने माखलेले. परका पुरुष पाहून तिने पदर कपाळावर ओढला आणि ओसरीत उकिडवी बसली. मान खाली, मुठी गुडघ्यांवर.

मास्तर बघतच राहिले.

"माजी शालू कुटं हाय, मास्तर? बाप सनाला म्हून घिऊन गेला. वाटंत त्याच्या हातनं निसटली म्हनं. माज्याकडंच येत आसंल बघा. वाट चुकली आसंल."

मास्तरांनी पाटी पुढे केली.

पहिल्या चित्रावर बोट ठेवून धोंडाबाई हसली. "ही तर मी! बया, कशी हुबेहूब काडली पोरीनं."

मग तिने दुसरं पाहिलं. हसू विरलं.

"ही तिची थोरली भन. तिलाबी बाप असाच घिऊन गेलता. चौथ्या दिशी इंद्रायणीच्या डोहात गावली, तवा अशीच तरंगत व्हती."