माळावरचा प्रॉब्लेम

तिसऱ्यांदाही गौरांगी त्याच जागी निसटली आणि धप्पकन पाठीवर मॅटवर आपटली.

"लागलं का गं?" शरदचंद्रांनी घडीच्या खुर्चीतूनच विचारलं.

"नाही काका. मॅट आहे ना खाली."

"मॅट आहे म्हणून काय झालं? हाडं तुझीच आहेत!" निवृत्त डॉक्टर ते, हाडांचा विषय निघाल्यावर गप्प कसले बसतात! थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांनी तिच्यापुढे धरला.

न्यूफाउंडलंडच्या त्या माळावर झाड म्हणून नव्हतं. ओलं शेवाळ, काळी डबकी, घोट्याएवढी झुडपं आणि मधोमध तो एकटा दगड, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी हात न पुरणारा. समुद्रावरून धुकं आलं की माळ दिसेनासा व्हायचा आणि दगड नुसता तरंगत राहायचा. अशा वेळी गौरांगीला आपण जागे आहोत की अजून झोपेतच, हेही धड कळत नसे. तिला ते आवडायचं.

दोर न बांधता दगड चढायच्या वाटेला ही चढणारी मंडळी 'प्रॉब्लेम' म्हणतात. आता बघा, घरात काय कमी असतात? पण नाही! पाच दिवस सेंट जॉन्सला कंप्युटरपुढे डोकं फोडायचं आणि शनिवारी तीन तास गाडी हाकून, वर तासभर चिखल तुडवून नवा प्रॉब्लेम गाठायचा. गौरांगीने या एका दगडात तीन उन्हाळे घातले होते. तो कुणी चढल्याची नोंद नव्हती, आणि पहिल्यांदा चढेल त्याने नाव ठेवायचं असा रिवाज. तिचं नाव ठरलेलं होतं, आईचं, 'वनिता'. फेब्रुवारीत नागपूरला तिची आई गेली तेव्हा इकडे वादळाने सगळी विमानं रद्द होती. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. हे तिच्या मनाला फार लागून राहिलं होतं. चढणाऱ्यांच्या गाईडबुकात आईचं नाव छापून यावं, एवढंच तिला हवं होतं.

शरदचंद्रांची केबिन पलीकडच्या तळ्याकाठी होती. माळावर मराठी बोलणारी पोरगी भेटली याचंच त्यांना अप्रूप. काठी टेकत, थर्मास घेऊन ते दर शनिवारी यायचे. गेल्या महिन्यात तिने त्यांना ठरवलेलं नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी थर्मासचं झाकण लावून टाकलं.

"हा दगड शंतनू चढलाय," मग ते म्हणाले. "माझा मुलगा. म्हणजे, चढलो असं म्हणाला. वर तीन दगडांची रास रचून आलोय म्हणाला. बघायला कुणी नव्हतं."

"मग आता शंतनूदादा...?"

"गेला. एकोणीस वर्षं झाली. या दगडापायी गेला पोरगा. आमचं शेवटचं बोलणं झालं तेही यावरूनच."

 गौरांगीने पुढे काही विचारलं नाही. असं कुणी विचारतं का?

"शीला, माझी बायको, ती तर वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. शिडी आणून बघावं असं कितीदा मनात आलं, पण धीर होईना. तू वर पोचलीस तर बघशील गं? रास आहे का ते?"

तेव्हापासून तिची झोप उडाली. रास असली तर पहिला मान शंतनूचा. नसली तर आईचा. रास नसावी असंच तिला मनापासून वाटत होतं आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

चहा संपवून तिने हाताला पुन्हा खडूची पूड चोळली. या वेळी घाई केली नाही. डावी टाच कडेला अडकवली, श्वास सोडला आणि धुक्यात हात टाकला. बोटांना कडा सापडली! पुढचं कसं झालं ते तिला नंतरही नीट आठवेना. ती वर होती.

वर काही नव्हतं. पांढुरकं शेवाळ होतं, बोटभर जाड, कुणाचं पाऊल न पडलेलं. ती गुडघ्यांवर रांगत चारी कडा फिरली, शेवाळ चाचपून पाहिलं. एक खडासुद्धा नाही.

"आई," ती हलकेच म्हणाली. तिला हसू आलं आणि रडूही आलं.

"गौरांगी!" खालून हाक आली. शरदचंद्र खुर्चीतून उठले होते. टोपी हातात, मान वर. "आहे का गं?"

 आई असती तर काय म्हणाली असती, हे गौरांगीला पक्कं ठाऊक होतं. अगं, कशाला रडवतेस त्या माणसाला? तीन उन्हाळे तिच्या डोळ्यांपुढून गेले.

"आहे, काका!" ती ओरडली. "तीन दगड, एकावर एक. शंतनूदादाच पहिला!"

मागच्या कडेला लोंबकळून तिने खाली उडी घेतली, तेव्हा शरदचंद्र खुर्चीत बसून हमसाहमशी रडत होते. तिने त्यांचा हात धरला. आपण खोटं बोललो याचं तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

"शीलाकाकूंना सांगा, काका. त्यांनाही बरं वाटेल."

"सांगतो ना. पण आधी विमान पकडून विंडसरला जायला हवं."

"विंडसरला? तिथे कोण राहतं?"

"शंतनू," डोळे पुसत ते म्हणाले. "खोटारडा म्हणून मीच त्याला घराबाहेर काढलं होतं, आणि पोरगा खरं बोलत होता गं."