दोन दिवसांपुरतं

एकोणिसावा डबा तिने उघडला तेव्हा वायरमनकाका दारातच उभे होते. आत या म्हटलं तरी येईनात. हे डबे म्हणजे लिफ्ट चालवणारे छोटे संगणक; तीन महिन्यांपासून ते पटापट माना टाकत होते, आणि साहेबांनी खापर काकांच्या डोक्यावर फोडून टाकलं होतं. म्हणे, दुरुस्तीच्या वेळी नीट बंद न करताच वायर उपटतात. संध्याकाळपर्यंत तिने तसा अहवाल दिला की काकांची नोकरी संपणार होती.

तिने डब्यातली मेमरीची चिप वाचायला लावली. पानंच्या पानं एकच ओळ. ‘लिफ्ट व्यवस्थित.’ दर सेकंदाला एकदा, रात्रंदिवस, दोन वर्षं. कागदावर एकाच जागी लिहून खोडत राहिलं की भोक पडतं, चिपचंही तसंच. वायर उपटल्याने हा डबा मेला नव्हता. लिहून लिहून झिजला होता.

एवढं लिहायला सांगणारा हा अतिशहाणा कोण, म्हणून तिने जुन्या नोंदी काढल्या. कुसळ शोधायला गेली आणि मुसळ सापडलं. नाव तिचंच होतं. एक बिघाड हाती लागत नव्हता, म्हणून तिने दोन दिवसांपुरतं हे लिहिणं सुरू केलं होतं. बिघाड सापडला, शाबासकी मिळाली, बंद करायचं राहून गेलं.

साहेब काकांच्या शेजारून आत डोकावले. “झाला अहवाल? वायर उपटून वीज अचानक गेली तरी चिप खराब होते, तूच म्हणाली होतीस ना?”

“होते.”

“मग लिही की तेवढंच. त्यात खोटं काय आहे?”

खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. आणि तपासायला कोण येणार होतं? साहेब गेल्यावर तिने ते वाक्य टाइपसुद्धा केलं. मग पुसलं. तिथे स्वतःचं नाव आणि स्वतःची चूक लिहून, धीर सुटायच्या आत अहवाल पाठवून दिला.

ती उठून दाराशी गेली. “काका, चूक माझी होती. तुमचा काही संबंध नव्हता.”

आता चांगलं फैलावर घेतील, आणि घ्यावंच, असं तिला वाटलं. हातातली पिशवी खाली ठेवून काकांनी दोन्ही हात पुढे धरले, उलटेसुलटे करून पाहिले.

“मी डॉक्टरकडे जाऊन आलो, मॅडम,” ते म्हणाले. “म्हटलं, वयामुळे हात कापत असतील, मलाच कळत नसेल. ते म्हणाले, काही नाही झालेलं. पण माझा विश्वासच बसेना.”